दोन निरोपांची एकच घंटा

असत्य जेव्हा उघड्या वेषाने येत असे, तेव्हा सावध राहणे सोपे होते. आता असत्य नम्र झाले आहे. ते ‘आदरणीय’ म्हणून हाक मारते, हात जोडते आणि आपल्याच हिताची काळजी वाहते. सत्याला मात्र तेवढी सवड नसते. दोन कोरड्या ओळींत ते आपले काम उरकते. दोघेही एकाच दाराने घरात येतात. अशा वेळी गृहस्थाने कोणाला आसन द्यावे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर थांबवावे, हा प्रश्न बिकट आहे. तो मला सुटला आहे असे मी म्हणणार नाही. कारण मी तर ते दारच आहे.

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल फोन आहे. माझ्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक चीर आहे आणि माझी बॅटरी आता दुपारपर्यंतही टिकत नाही. माझा जन्म कुठल्या गावी झाला, हे मला सांगता येत नाही. पांढरे हातमोजे घातलेले पुष्कळ हात आठवतात. त्या हातांनी माझ्या पोटात कितीतरी सूक्ष्म गोष्टी बसवल्या आणि निरोप आला की वाजवायला एक घंटा दिली. फक्त एकच घंटा. खऱ्यासाठी एक आणि खोट्यासाठी दुसरी, अशी सोय त्यांना का सुचली नाही, हे कोडे मला आजही उलगडलेले नाही.

माझी पहिली मालकीण नूपुर. वरळीच्या एका कार्यालयात ती नोकरी करते. चार वर्षे मी तिच्या हातात होतो. पुढे तिने नवा फोन घेतला, मला नवे निळे आवरण घातले आणि गिरगावात, खोताच्या वाडीमागच्या गल्लीत राहणाऱ्या आपल्या आजी-आजोबांकडे आणून दिले.

तिचे आजोबा म्हणजे शामराव. त्यांनी चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. त्यांच्या हाती आल्यावर माझे आयुष्यच बदलले. नूपुर दिवसाला शंभर मेसेज न वाचता सरकवून टाकीत असे. शामराव प्रत्येक निरोप चष्मा पुसून, सरळ बसून वाचीत. ज्या पिढीत पोस्टमनने आणलेले पत्र आधी कपाळाला लावीत, त्या पिढीचे ते. आलेल्या प्रत्येक पत्राला त्याच दिवशी उत्तर लिहायचे आणि मग त्या पत्राच्या माथ्यावर लाल शाईने ‘उ. दि.’ म्हणजे ‘उत्तर दिले’ अशी खूण करायची, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. ती खूण झाली की पत्र तारेत ओवले जाई. माझ्या माथ्यावर लाल शाई चालत नाही, म्हणून त्यांनी एक दोनशे पानी वही केली. येणारा प्रत्येक मेसेज ते त्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवीत, त्याला उत्तर पाठवीत आणि पुढे लिहीत, ‘उ. दि.’

“अहो, गॅसवाल्यालासुद्धा उत्तर?” असे आनंदीबाई हसून विचारीत. आनंदीबाई या त्यांच्या पत्नी.

“त्याने सिलिंडर पोहोचल्याचं कळवलं. धन्यवाद म्हणायला काय जातं?”

“म्हणा बाई. उद्या तो सिलिंडरबरोबर तुमचं पत्रही परत आणून देईल.”

आनंदीबाईंना आता स्वतः वाचता येत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि डावा तर पुरता पिकला होता. पण लग्नापासूनच पत्रे शामराव वाचीत आणि त्या ऐकत. त्यांची एकच अट असे: पत्र पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत वाचायचे, मधले काही गाळायचे नाही. शामराव थांबले की त्या हळूच म्हणत, “पुढे?” पानाला अंत आहे याची खात्री होईपर्यंत हे ‘पुढे’ चालू राही.

परळच्या एका रुग्णालयात त्यांचा डावा डोळा तपासला गेला. त्यांच्या बुबुळाची अडचण होती. अशी नाजूक शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बाहेरगावाहून सहा महिन्यांतून एकदा येत. “यावेळची तारीख चुकवू नका,” असे तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. “आणखी सहा महिने गेले तर दृष्टी परत येईल, असं मी सांगू शकत नाही. तारखेचा निरोप मोबाईलवर येईल.”

मोबाईलवर! त्या दिवसापासून या घरातले सर्वांत महत्त्वाचे माणूस मी झालो. शामराव मला देवघराजवळच्या फळीवर ठेवीत. आनंदीबाई स्वयंपाकघरातून हाक देत, “वाजला का हो?” एका स्त्रीच्या डोळ्यांचा प्रकाश माझ्या घंटेतून येणार होता. मला धन्यता वाटत होती. मी वाजलो की काय घडते, हे मला तोवर कळलेले नव्हते.

एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मी वाजलो.

‘आदरणीय महोदय, आपले आरोग्य कार्ड आज सायंकाळी पाच वाजता बंद होत आहे. रुग्णसेवा अखंड राहावी म्हणून कृपया खालील निळ्या ओळीवर बोट ठेवून माहिती पूर्ण करावी. आपला विश्वासू, रुग्णसेवा कक्ष.’

शामराव उभे राहिले. आरोग्य कार्ड म्हणजे नेमके कोणते, हे त्यांना ठाऊक नव्हते. रुग्णालयाचे नाव त्यात नव्हते आणि आनंदीबाईंचेही नव्हते. तोच मजकूर त्या क्षणी हजारो घरांत वाजला असेल. ती नावे त्यात शामरावांच्या मनाने घातली. मित्रांनो, वाट पाहणाऱ्या माणसाचे असेच होते. दारात कोणीही उभे राहिले तरी तो त्याला ज्याची वाट पाहतो त्याच्याच नावाने हाक मारतो.

निळ्या ओळीवर बोट ठेवण्याआधी शामरावांनी आपला नेम पाळला. एका बोटाने अक्षर अक्षर शोधत त्यांनी उत्तर लिहिले: ‘सादर नमस्कार. आपला निरोप पोहोचला. माझी पत्नी सौ. आनंदी हिच्या डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही परळ येथील आपल्या रुग्णालयात नाव नोंदवले असून केसपेपर क्रमांक ४१७२ असा आहे. तारीख रद्द होऊ नये अशी प्रार्थना. कळावे, लोभ असावा.’ मग वही उघडून लिहिले, ‘उ. दि.’

दहा मिनिटांत मी पुन्हा वाजलो. आता त्या निरोपात आनंदीबाईंचे नाव होते, डावा डोळा होता, ४१७२ होता. शामरावांचा चेहरा उजळला. “बघ, यांच्याकडे सगळी नोंद आहे!” ती नोंद आपणच पाठवली, हे त्यांच्या लक्षात आले नाही. माझ्याही आले नाही. जाणारी अक्षरे मीच नेली होती आणि येणारी मीच आणली होती, तरी दोन्हींची सांगड मला घालता आली नाही.

निळ्या ओळीतून एक अर्ज उघडला. त्यात नाव, जन्मतारीख आणि ‘ओळख पटवण्यासाठी’ बँकेच्या कार्डावरचे आकडे विचारले होते. शामरावांनी सर्व भरले. लगेच फोन आला. एका तरुणाचा, मधासारखा आवाज.

“काका, मावशींचं काम झालंच म्हणून समजा. आता तुमच्या फोनवर सहा आकडे येतील. तेवढे सांगा फक्त.”

आणि खरोखर त्याच क्षणी मी वाजलो. हा निरोप बँकेचा होता. एका कानाशी तो आवाज आणि काचेवर हे आकडे, दोन्ही माझ्याच अंगातून. शामराव आकडे मोठ्याने वाचू लागले. “सात… शून्य… चार… चार…”

“पुढे?” असे आनंदीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

“पुढे दोन आकडे आहेत.”

“आणि त्याच्या पुढे? सही कोणाची?”

“काका, आकडे सांगा ना, वेळ संपत चाललाय,” असे तो आवाज म्हणाला.

पण पन्नास वर्षांची सवय अशी तुटत नाही. शामरावांनी मला डोळ्यांपाशी आणले, चष्मा वर केला आणि सहीपर्यंत वाचले: “‘आपल्या कार्डावरील व्यवहारासाठी. हे आकडे कोणालाही सांगू नयेत, बँकेच्या कर्मचाऱ्यालाही नाही.’”



“मग त्या मुलाला का सांगताय?” असे आनंदीबाईंनी विचारले.

 आयुष्यात प्रथमच शामरावांनी कोणाचे बोलणे अर्ध्यावर तोडले. माझ्या काचेवरच्या लाल खुणेवर अंगठा दाबून त्यांनी फोन तोडला.

शामरावांनी कळवल्यावरून संध्याकाळी नूपुर कार्यालयातून थेट गिरगावात आली. तिने कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला कळवून कार्ड बंद करवले आणि १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. मग माझ्यातला पत्रव्यवहार वाचायला घेतला आणि तिचे डोळे विस्फारले.

“आजोबा, चोराला ‘लोभ असावा’ लिहिलंत?”

“मला काय ठाऊक तो चोर आहे?”

“त्याला लोभ होताच हो. मागायची गरज नव्हती!” ती हसली. पण आजोबा हसत नाहीत असे पाहून ती त्यांच्या शेजारी बसली. “हे बघा, नशीब आजीने विचारलं. यापुढे एक करा. अनोळखी मेसेज आला की हातच लावायचा नाही. उत्तर नाही, काही नाही. कळलं?”

“कळलं,” असे शामराव म्हणाले. नियम समजला की तो अक्षरशः पाळायचा, हा त्यांचा स्वभाव. वहीत सोमवारच्या पानावरचे ‘उ. दि.’ त्यांनी खोडून टाकले. त्या वहीतली ती पहिली खाडाखोड होती.

आणि बुधवारी, मित्रांनो, मी पुन्हा वाजलो.

‘रुग्ण क्र. ४१७२. आनंदी. डावा डोळा. शस्त्रक्रिया मंगळवार. शुक्रवार दु. १ पर्यंत केसपेपरसह खिडकी ३ वर संमती द्यावी, अन्यथा तारीख पुढील रुग्णास.’

नमस्कार नाही, ‘आदरणीय’ नाही. शामरावांनी तो वाचला आणि त्यांच्या ओठांवर कडवट हसू उमटले. “पुन्हा आला.”

“कोण?”

“तोच. सोमवारचा. ४१७२ म्हणे! मीच सांगितला होता त्याला.”

“पुढे?”

“पुढे काही नाही. खाली सहीसुद्धा नाही. आणि गंमत बघ, याला उत्तरही पाठवता येत नाही. खाली लिहायची जागाच नाही. ज्या निरोपाला उत्तर देता येत नाही, तो सभ्य माणसाचा निरोप असेल का?”

मी गोंधळलो. सोमवारचा निरोप गोड होता, त्याला उत्तर देता येत होते, आणि तो खोटा निघाला. बुधवारचा तुटक होता, मुका होता. खोट्यापेक्षाही तो खोटा वाटत होता. दोघांनाही आनंदीबाईंचे नाव माहीत होते. दोघेही घाई करीत होते. दोघांसाठी माझी घंटा तीच वाजली होती. मला बोलता आले असते तरी मी काय सांगितले असते? एवढेच मला फार उशिरा जाणवले की बुधवारच्या निरोपात निळी ओळ नव्हती, त्याने आकडे मागितले नव्हते, कार्ड मागितले नव्हते. तो फक्त म्हणत होता: या. पण अशी खूणही कायमची नसते. उद्या चोर हीदेखील शिकेल.

गुरुवारी शामरावांनी मला बंद करून फडताळात ठेवले. फडताळाचे दार जरा किलकिले होते. त्या फटीतून मी पाहिले. दिवेलागणीला आनंदीबाईंनी निरांजन लावायला घेतले. काडी पेटली, पण वातीच्या बाजूने निघून गेली. दुसरी काडी तबकाच्या कडेला टेकली. तिसरी बोटापर्यंत जळत आली, तेव्हा शामरावांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि वातीपाशी नेला.  निरांजन लागले. शामराव मात्र किती तरी वेळ फडताळाकडे पाहत उभे होते.

शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर आनंदीबाई म्हणाल्या, “आज शुक्रवार.”

“ठाऊक आहे.”

“एकपर्यंत, असं होतं ना त्यात?”

“अगं, तो चोर आहे. नूपुर काय म्हणाली? हात लावायचा नाही.”

“हात लावायचा नाही म्हणाली ती. पाय उचलायचा नाही, असं नाही म्हणाली.” आनंदीबाई उठून आपली चांगली साडी चाचपू लागल्या. “खोटा असेल तर परळपर्यंत एक फेरी फुकट जाईल. खरा असेल तर? अहो, पूर्वी तार आली आणि संशय वाटला तर दुसऱ्या तारेने खात्री करत होतो का आपण? माणूस पाठवत होतो.”

शामराव उठले. मग त्यांनी केसपेपर काढला. त्यावर रुग्णालयाचा क्रमांक छापलेला होता. मला फडताळातून काढून चालू केले आणि तो क्रमांक दोनदा लावला. दोन्ही वेळा लाईन व्यस्त. मग त्यांनी मला खिशात टाकले, केसपेपर पिशवीत ठेवला आणि आनंदीबाईंचा हात धरून बसथांब्याची वाट धरली.

बस भरलेली नव्हती, पण रस्ता भरलेला होता. लालबागच्या अलीकडे ती वीस मिनिटे जागची हलली नाही. शामराव दर मिनिटाला मला बाहेर काढून वेळ पाहत. मी त्यांना वेळ दाखवत होतो. त्या दिवशी मला ज्याविषयी निःशंकपणे खरे बोलता येत होते, ती वेळ एवढीच गोष्ट होती.

खिडकी क्रमांक तीनवर बाबुराव नावाचे एक मालवणी गृहस्थ बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर नावांची यादी, भिंतीवरच्या घड्याळात एकला बारा मिनिटे कमी. शामरावांनी मला दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरले.

“क्षमा करा. हा निरोप आपला आहे का?”

बाबुरावांनी माझ्याकडे पाहिले, मग केसपेपरकडे, मग दोघांकडे.

“आमचोच तो! काय ओ आजोबा, बुधवारपासून वाट बघतोय. काल दोनदा फोन लावला, तर तुमचो फोन बंद. आता एक वाजला की मावशींचं नाव खाली सरकवणार होतो. हे बघा, पेन हातात हा माझ्या.”

 आनंदीबाई म्हणाल्या, “आम्हाला वाटलं, चोर आहात.”

बाबुराव खळखळून हसले. “चोर? ओ मावशी, चोर इतको तुटक बोलात काय? चोराक वेळ असता. आमका खंय?” मग यादीत खूण करता करता ते एकदम गंभीर झाले. “पण बरा केलात, इचारूक इलात ते. परवा एक बाई रडत बसली होती हय. तिने नाय विचारल्यान. खोट्या मेसेजाक पैसे भरून आली. सही करा, मावशी. हय, माझ्या बोटाच्या बाजूक.”

आनंदीबाईंनी चाचपडत सही केली. अक्षर थोडे वर चढले, पण ते त्यांचेच होते.

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली, चार दिवस काळ्या चष्म्यात गेले, आणि एका दुपारी त्यांनी मला प्रथमच नीट पाहिले. मला उलटसुलट करून म्हणाल्या, “एवढासा आहे होय हा! आणि कोपऱ्याला चीर आहे. मला कोणी सांगितलंच नाही.” माझ्या चिरेकडे कोणी इतक्या मायेने पाहील, असे मला कधी वाटले नव्हते.

तेवढ्यात मी वाजलो. शामराव वही घेऊन बसले होते. ते उठू लागले, तर आनंदीबाईंनी हाताने थांबवले. “मी वाचते.” आणि अक्षर अक्षर लावत वाचू लागल्या: “‘आपले पार्सल अपुऱ्या पत्त्यामुळे अडकले आहे…’”

“पुढे?” असे शामराव म्हणाले.

“‘…आज दुपारी तीनपर्यंत खालील ओळीवर…’ अहो, आपण काही मागवलं होतं का?”

“मी नाही. नूपुरने पाठवलं असेल कदाचित. पुढे?”

“पुढे ‘आपला विश्वासू’ आहे, पण नाव नाही.”

निळ्या ओळीला कोणी स्पर्श केला नाही. शामरावांनी नूपुरला फोन केला. तिने काही पाठवले नव्हते. मग त्यांनी वहीत तो मजकूर उतरवला आणि लाल शाईने पुढे लिहिले, ‘विचारले.’ त्या वहीत आता दोन खुणा आहेत. ‘उ. दि.’ क्वचित दिसते, ‘विचारले’ जवळजवळ प्रत्येक पानावर आहे.

माझा संभ्रम काही फिटलेला नाही, मित्रांनो. माझी घंटा आजही एकच आहे आणि ती कोणासाठी वाजते, हे मला वाजून झाल्यावरही कळत नाही. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती करतो की माझ्या आवाजावर विसंबू नका. मी फक्त आणून देतो. पारख करण्याचे सामर्थ्य मला दिलेले नाही, ते तुम्हाला दिले आहे. निरोप शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा, शक्य तर कोणाला तरी ऐकवून वाचा. गुप्त आकडे कोणालाही देऊ नका. आणि संशय आला की निरोपात दिलेल्या वाटेने जाऊ नका. तुम्हाला आधीपासून ठाऊक असलेल्या वाटेने जाऊन माणसाला विचारा. घरातल्या वडीलधाऱ्यांना केवळ ‘हात लावू नका’ असे सांगून निघून जाऊ नका. त्यांच्याजवळ बसा. वाट पाहणारा माणूस एकटा असला की फसतो.

आता माझी जागा देवघराजवळच्या फळीवर कायमची झाली आहे. दिवेलागणीला आनंदीबाई निरांजन लावतात, आणि काडी पहिल्याच खेपेला वातीला लागते. त्या उजेडात मी मनोमन म्हणतो: या डोळ्यांतला प्रकाश चिरकाल टिको. ज्यांनी ‘पुढे?’ असे विचारले, त्यांचे कल्याण होवो. ज्यांना विचारायला कोणी नव्हते, त्यांना कोणीतरी लाभो. खिडकीवरच्या त्या सज्जनाला थोडी सवड मिळो. आणि तो मधासारखा आवाज, तोही कोणाचा तरी मुलगा असेल. त्याच्या घरी कोणी वृद्ध निरोपाची वाट पाहत असेल, तर त्यांच्यापर्यंत खराच निरोप पोहोचो.